विनोग्राडस्की बाटली: खाजनाचा चिखल, जांभळा पट्टा आणि सुटे केलेले जंतू

भाची नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला विनोग्राडस्की कॉलम करायचा होता. पारदर्शक बाटलीत चिखल, कागद आणि जिप्सम भरायचं, उजेडात ठेवायचं आणि जंतूंचे रंगीत थर कसे धरतात ते बघायचं. मी म्हापशाला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून) बघतो, त्यामुळे हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. खालच्या नोंदी तिच्या वहीतल्या आणि माझ्या डायरीतल्या आहेत, थोड्या साफसूफ करून. गोव्यात कुणी हे करणार असेल तर उपयोगी पडतील, कारण पुस्तकातली कृती इथल्या मातीला जशीच्या तशी लागू पडत नाही. शिवाय मला स्वतःला एक गोष्ट बघायची होती. एक जंतू सुटा करायचा, नाव लावायचं आणि रिपोर्ट द्यायचा, हे जे मी रोज करतो ते या बाटलीपुढे कुठवर चालतं?

१० नोव्हेंबर २०२४. सामान

दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या समोरच्या बारमधून फुकट मिळाल्या. मान कापून टाकली. तोंड अरुंद ठेवलं की चिखल भरताना हवा अडकते. वर पातळ प्लास्टिक आणि रबरबँड, तेही सैल. आत वायू होतो, त्याला वाट हवी.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्यातल्या सल्फेटपासून चिखलातले काही जंतू सल्फाइड करतात. त्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस, हार्डवेअरवाल्याकडे किलोला ४० रुपये. ते थेट चिखलात घालू नये, गोळे होऊन बसतं. पाण्यात कालवून जुन्या ताटात थापलं, घट्ट झाल्यावर खलबत्त्यात कुटलं.

कार्बोनेटसाठी पुस्तकं खडू सांगतात. आपल्याकडचे फळ्यावरचे खडू बहुधा जिप्समचेच असतात, म्हणून आधी व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. आमच्या शाळेतला खडू ढिम्म राहिला. घरी तिसऱ्या (खायचे शिंपले) आणल्या होत्या, त्यांच्या शिंपल्यांवर व्हिनेगर टाकताच फसफस उठली. त्याच धुऊन, उन्हात वाळवून कुटल्या.

कागद म्हणजे कालचं वर्तमानपत्र. तो जंतूंचा खुराक.

१६ नोव्हेंबर. चिखल

पणजीत काम होतं, ते आटोपून रायबंदरहून फेरीने चोडणला गेलो. पक्षी अभयारण्याच्या हद्दीतला चिखल उचलायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. एका खाजनाच्या (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) बांधावर वयस्क गृहस्थ मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, जाळं सोडवत बसले होते. ओहोटी होती, मानशीची दारं उघडी, पाणी नदीकडे निघालेलं. भरती चढली की तीच दारं पाण्याच्या दाबाने मिटतात, कुणी हात लावावा लागत नाही. मी चिखल न्यायची परवानगी विचारली.

"चिखल कित्याक जाय रे तुका?"

शाळेसाठी म्हटल्यावर त्यांनीच जागा दाखवली. वरचा तपकिरी थर बोटभर जाड, त्याखाली काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा. तोच हवा. काडीकचरा, शिंपले, खेकडे काढून बादली भरली आणि पाणीही त्याच ठिकाणचं घेतलं. नळाचं पाणी वापरू नका, त्यात क्लोरीन असतं.

घरी येऊन डिचोलीतल्या आमच्या शेताच्या कडेचाही चिखल काढला. तो तांबडा, जांभ्याचा, लोहाने भरलेला. तुलनेला बरा, असं वाटलं होतं. पुढे सगळ्यात जास्त डोकं त्यानेच खाल्लं.

१७ नोव्हेंबर. भरणी

बाटल्यांना नावं दिली:

क: खाजनाचा चिखल, कागद, जिप्सम, शिंपल्यांची पूड.
क-२: हुबेहूब तीच. त्याच घमेल्यात कालवलेला चिखल, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.
ख: क सारखीच, जिप्सम वगळून.
ग: डिचोलीचा चिखल, बाकी सगळं क सारखं.
घ: डिचोलीचा चिखल, जिप्सम वगळून.

एका बाटलीला साधारण लिटरभर चिखल. कागदाचं एक पूर्ण पान बारीक फाडून, भिजवून. जिप्सम दोन चमचे, शिंपल्यांची पूड दोन चमचे. हे सगळं फक्त खालच्या तिसऱ्या हिश्श्यात मिसळायचं, वर नुसता चिखल, त्यावर चार बोटं पाणी. भरताना बाटली जमिनीवर हलकेच आपटत राहायची म्हणजे हवेचे खिसे राहत नाहीत.

पश्चिमेच्या खिडकीत ठेवणार होतो, पण दुपारी तिथे हात लावला तर काच पोळत होती. म्हणून आतल्या खोलीत, एलईडी ट्यूबखाली.

२१ नोव्हेंबर

क मधला चिखल मधोमध फाटून वरचा भाग बुचासारखा उचलला गेला. खाली बोटभर वायू. क-२ मध्येही थोडं तसंच. कागद जास्त झाला आहे. आईची स्वेटर विणायची सुई कडेकडेने खाली घालून वायू मोकळा केला, चिखल बसला. दोघांसाठी पुरे एवढा कागद एका बाटलीत गेला होता. पुढच्या बाटल्यांत अर्धंच पान घातलं आणि हा त्रास पुन्हा झाला नाही.

१ डिसेंबर

खाजनाच्या तिन्ही बाटल्या तळापासून काळ्या होत आल्या. ग पण काळी, उलट जास्तच. घ राखाडी. वरचं पाणी सगळीकडे हिरवट.

आईची तक्रार: खिडकीजवळच्या देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडलं. रांगोळीने घासलं, दोन दिवसांत पुन्हा काळं. बाटल्यांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड चांदीवर बसतो, त्याचा हा प्रताप. निरांजन दुसऱ्या खोलीत गेलं आणि खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवली. हा वायू विषारी आहे. बाटली लहान असली तरी बंद खोलीत ठेवू नका.

निरांजनावरूनच पुढची युक्ती सुचली. भाचीच्या तुटलेल्या पैंजणाच्या कड्या घासून लख्ख केल्या आणि प्रत्येक बाटलीच्या प्लास्टिकखाली दोऱ्याने एकेक टांगली.

८ डिसेंबर. कड्या बोलतात

क, क-२, ख: तिन्ही कड्या काळ्या. ग: कडी लख्ख. घ: लख्ख.

घ चं समजण्यासारखं होतं, तिथे गंधक फारसं नाहीच. पण ग मध्ये जिप्सम आहे, चिखल सगळ्यांहून काळा आहे, तरी वायू बाहेर येत नाही? चमचाभर काळा चिखल बाहेर काढून त्यावर व्हिनेगर ओतलं, आणि कुजक्या अंड्याचा वास आला (नाक लांब ठेवा). म्हणजे सल्फाइड तयार होतंय, पण जांभ्यातलं लोह ते जागच्या जागी पकडून आयर्न सल्फाइड करून ठेवतंय. काळा रंग त्याचाच. जांभळ्या आणि हिरव्या गंधक-जंतूंना जो मोकळा सल्फाइड लागतो, तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

डिचोली, सत्तरी, सांगे पट्ट्यातल्या लाल मातीत हा प्रयोग करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. "काळं झालं, आता रंग येतील" असं म्हणत बसाल तर बसूनच राहाल.

ग मोडून ग-२ केली. अर्धा चिखल, अर्धी धुतलेली रेती, जिप्सम दुप्पट.

१५ डिसेंबर. उजेड

पाणी हिरवं, चिखल काळा, भिंतीवर जांभळा ठिपकाही नाही. दोष उजेडाचा निघाला. पांढऱ्या एलईडीचा उजेड ७०० नॅनोमीटरच्या आसपास जवळजवळ संपतो. जांभळे गंधक-जंतू ज्या उजेडावर मुख्यतः जगतात तो ८०० ते ९००चा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. वरच्या शैवालाला ट्यूब पुरते, खालच्यांना अंधारच.

उपाय म्हणजे जुना तारेचा बल्ब, ६० वॉट. दुकानात मिळेना. शेवटी कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला बल्ब लावतो त्या माणसाकडून दोन घेतले, ६० रुपये. हातभर लांब ठेवले, नाहीतर बाटली तापते. शिवाय सकाळी दोन तास पूर्वेच्या खिडकीत.

२९ डिसेंबर

क मध्ये पाण्याखाली दोन बोटांवर कोकमासारखा डाग. जांभळा!

क-२ मध्ये काहीच नाही. दोन्ही एकाच घमेल्यातल्या, एकाच फळीवर, एकाच बल्बखाली.

५ जानेवारी २०२५

क-२ मध्येही आला, पण तळाशी, एका बाजूला, तळहाताएवढा. आणि त्याच्या खाली शेवाळी रंगाची पट्टी, म्हणजे बहुधा हिरवे गंधक-जंतू. त्यांना उजेड कमी चालतो, सल्फाइड जास्त चालतं, म्हणून ते खाली असतात. क मध्ये ती पट्टी नाही.

भाचीला वहीत लिहायचं होतं, "दोन्ही बाटल्यांत जांभळा थर ८ सेंटिमीटरवर आला." तसं आलं नाही, म्हणून ती हिरमुसली. मला मात्र तेव्हाच खरी गोडी वाटायला लागली. कुठे कागदाचा तुकडा पडला, कुठे बुडबुडा अडकला, कुठे पहिल्यांदा दोनचार पेशी रुजल्या, त्यावर पुढचं सगळं ठरतं. एकदा एका जागी ते वाढले की तिथला सल्फाइड खातात, शेजारच्यांना सावली करतात, आणि दुसऱ्यांना तिथे जागा उरत नाही. त्यामुळे प्रयोगाचं सामान अगदी सारखं ठेवलं तरी बाटल्या सारख्या होणार नाहीत. प्रदर्शनासाठी करणार असाल तर एकीवर विसंबू नका, चारपाच भरा.

ख मध्येही जांभळा आला, जिप्समशिवाय. समुद्राच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं आणि खाजनाचा चिखल त्यातच मुरलेला. तिकडे डिचोलीच्या चिखलात जिप्सम घातल्याने फरक पडला, पण रंगाचा नाही, काळेपणाचा. आता "जिप्समचा परिणाम किती?" असं कुणी विचारलं तर कुठल्या चिखलात, लोह किती, खारेपणा किती, असं विचारावं लागतं. वहीत त्यासाठी एकच रकाना होता. भाचीने तिथे "ते चिखलावर अवलंबून" असं लिहिलं.

क-२ च्या खालच्या अर्ध्या भागाला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. बाकी काही बदललं नाही.

१२ जानेवारी. सुटे करायचा खटाटोप

आता माझ्या हातचं काम. अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) तयार प्लेटी विकत घेतल्या, ४०० रुपये. चिखलाचं काम लॅबमध्ये करायचं नाही हा माझा नियम. तिथे लोकांच्या लघवीचे, रक्ताचे नमुने असतात. क च्या जांभळ्या पट्ट्यातून लांब पिपेटने थेंब काढला, प्लेटवर रेघा ओढल्या, घरच्याच तापमानाला ठेवल्या.

रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला त्याच्या मुळाशी हीच शिस्त होती: एक जंतू शुद्ध वाढवा, मग बोला. माझा पगार त्याच शिस्तीवर चालतो आणि मी तिला नावं ठेवणार नाही. लघवीच्या कल्चरवर एका जातीची कॉलनी (जंतूंचा ठिपका) आली, कुठलं औषध चालतं ते कळलं, पेशंट बरा झाला. तिथे बहुधा एकच गुन्हेगार असतो.

१४ जानेवारी

प्लेटी भरल्या. मलईसारख्या कॉलनी, एक नारिंगी, एक प्लेटभर पसरणारी. जांभळ्याचं नाव नाही.

त्याच पट्ट्यातला थेंब काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. फुगीर, लंबगोल पेशी, आत चमचमते कण. ते गंधकाचे. सल्फाइड खाल्ल्यावर हे जंतू गंधक पोटात साठवतात. संथपणे लोळत चाललेल्या, शेकड्यांनी. प्लेटवरच्या कॉलनीतल्या मात्र साध्या दांड्या. थेंबात ज्यांचं राज्य, ते प्लेटवर एकही उगवलेले नाहीत. उगवले ते भलतेच.

यात नवल नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या आणि प्लेटवर वाढलेल्या संख्येत किती फरक पडतो, यावर १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का यांनी लिहिलं. माती-पाण्यातले बहुतेक जंतू प्लेटवर येतच नाहीत, बऱ्याचदा शंभरात एकही नाही. जांभळ्यांना तर हवा नको, सल्फाइड हवा, उजेड हवा. साध्या प्लेटवर यातलं काहीच नाही.

भाची म्हणाली, "मामा, मग त्यांना जे लागतं ते दे ना." बरोबर आहे. जांभळे गंधक-जंतू शुद्ध स्वरूपात वाढवलेले आहेत, योग्य माध्यमात वाढतात. पण सगळ्यांचं तसं नसतं. तिला एक गोष्ट सांगितली. अल्कोहोल खाऊन मिथेन करणारा एक जंतू वर्षानुवर्षं शुद्ध कल्चर म्हणून प्रयोगशाळांत वाढवला जात होता, त्याला मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्काय असं नावही होतं. १९६७ मध्ये ब्रायंट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो एक नाहीच, दोन आहेत. एक अल्कोहोल फोडून हायड्रोजन सोडतो, दुसरा तो हायड्रोजन खाऊन मिथेन करतो. हायड्रोजन साचला की पहिल्याचं काम परवडेनासं होऊन थांबतं. बादली कुणी रिकामी करत राहिलं तरच नळ चालू ठेवता येतो, तसं.

"मग दोघांना वेगळं केल्यावर पहिला अल्कोहोलवर जगत नाही, हा त्याचा गुण की दोष?"

उत्तर दिलं नाही. रिपोर्टच्या फॉर्ममध्ये असल्या उत्तराला रकाना नसतो.

२६ जानेवारी. परत जोडून बघू

प्रश्न असा: निर्जंतुक चिखलात प्लेटवरचे सगळे जंतू परत घातले तर बाटली चालू होते का?

घरचा कुकर आईने देणार नाही म्हणून सांगितलं, रास्त आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुना कुकर ३५० रुपयांना मिळाला, वर नवी रिंग. प्लास्टिक वितळेल म्हणून मुरंब्याच्या काचेच्या बरण्या. एक बरणी गरम असतानाच थंड ओट्यावर ठेवली गेली आणि तडकली, चिखल ओटाभर. बरण्या कुकरमध्येच निवू द्या.

२ फेब्रुवारी

नुसत्या निर्जंतुक बरणीत बुडबुडे! शिट्ट्या घेऊन अर्धा तास उकडूनही चिखलातले बीजाणू मेलेले नव्हते. चिखल उष्णता सहज आत जाऊ देत नाही आणि क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूंचे बीजाणू चिवट. टिंडाल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याला तोड काढली होती: आज उकडा, रात्रभर कोमट ठेवा म्हणजे उरलेले बीजाणू रुजतील, उद्या पुन्हा उकडा, परवा पुन्हा. तसं केलं. यात दोन आठवडे वाया गेले. बरणीत चिखलाचा थर पातळ ठेवला तर कमी त्रास होतो.

९ फेब्रुवारी

च: निर्जंतुक चिखल, कागद, जिप्सम, पूड. बाकी काही नाही.
छ: तेच, अधिक प्लेटवरच्या सगळ्या प्रकारच्या कॉलनी धुऊन.
ज: तेच, अधिक क मधला चमचाभर कच्चा चिखल.

तिन्ही बल्बखाली.

२८ फेब्रुवारी. प्रदर्शन

क-२ नेली. स्कूटरवर मांडीत धरून नेऊ नका, पाण्याचे हेलकावे बसून वरचा थर विस्कटतो. बादलीत, भोवती जुने कपडे कोंबून, चारचाकीने.

प्रदर्शनाच्या फॉर्ममध्ये "निष्कर्ष (एका वाक्यात)" असा रकाना होता. भाचीने बराच वेळ पेन चावून लिहिलं: "फॉइल असलेल्या भागात जांभळा रंग फिका झाला, काळा राहिला." खरं होतं. एक गोष्ट बदलून बघायची पद्धत इथे कामाला आली: जांभळ्यांना उजेड लागतो, काळं करणाऱ्यांना लागत नाही.

परीक्षकांनी विचारलं, हा रंग नेमका कुठल्या जंतूचा? तिने नाव सांगितलं, क्रोमॅटियमसारखे. मग तोच घालून अशी बाटली करता येईल का? ती म्हणाली, "नाही सर. त्याला लागणारा सल्फाइड दुसरे करतात, त्यांना लागणारं खाणं कागद कुजवणारे करतात, आणि वरचे हिरवे हवा सोडतात म्हणून हा खाली राहतो. जागा पण तेच सगळे मिळून करतात." परीक्षक हसले, पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस ठिबक सिंचनाच्या मॉडेलला मिळालं.

जागेचं जे ती बोलली, ते मी तिला शिकवलं नव्हतं. आम्ही बाटली भरली तेव्हा तिच्यात वर हवा, खाली सल्फाइड अशी उतरंड नव्हतीच. चिखल सगळीकडे सारखा कालवलेला होता. ती उतरंड त्यांनी केली आणि मग तिच्यात आपापल्या मजल्यावर राहायला गेले.

१६ मार्च

च: जशीच्या तशी. पाण्यावर पातळ साय, हवेतून आलेली.
छ: गढूळ, आंबूस वास, राखाडी. कडी लख्ख.
ज: खालून काळी, कडी काळी.

ग-२ मध्ये गंजासारखे जांभळट ठिपके आले. रेती मिसळल्याचा फायदा झाला म्हणायचा, की दुप्पट जिप्समचा, ते सांगता येत नाही, कारण दोन्ही एकदम बदललं. वेळ नव्हता. कुणाला असेल तर दोन वेगळ्या बाटल्या करा.

६ एप्रिल

ज मध्ये रंग. आधी हिरवी पट्टी, मग वर जांभळ्याची बारीक रेघ. चमचा क मधला होता, पण क मध्ये हिरवी पट्टी कधी दिसली नव्हती. म्हणजे ते क मध्ये होतेच, फक्त तिथे त्यांना संधी मिळाली नव्हती.

छ बद्दल फार बढाया मारू नयेत, हे इथे नोंदवतो. तिच्यात रंग आला नाही याचा अर्थ चिखलात रसायनशास्त्रापलीकडची काही शक्ती आहे असा मुळीच नाही. योग्य जंतू प्लेटवर आलेच नव्हते, एवढंच. उद्या कुणी प्रत्येक जात सुटी वाढवून, यादी पूर्ण करून घालेल. पण यादी पूर्ण झाली तरी कोण किती, कोण आधी, कुठल्या खोलीवर, हे यादीत नसतं. २०१६ मध्ये क्रेग व्हेंटरच्या संस्थेने जगू शकेल असा अगदी कमी जनुकांचा जंतू प्रयोगशाळेत केला. ४७३ जनुकं, सगळी मोजलेली, क्रम माहीत. त्यातली १४९ काय काम करतात हे तेव्हा करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, पण काढून टाकली तर जंतू नीट जगत नव्हता. एका पेशीची ही कथा. माझ्या बाटलीत किती जाती आहेत ते मी मोजलेलंही नाही.

लॅबमध्ये मात्र मी उद्याही एकच कॉलनी उचलणार. तिथे प्रश्न "याला कुठलं औषध?" असा असतो आणि त्याला सुटा जंतू पुरतो. "हा पट्टा इथेच का?" या प्रश्नाला तो पुरत नाही. दोन प्रश्न वेगळे आहेत, हे आधी ठरवलं असतं तर प्लेटींचे ४०० रुपये वाचले असते, पण मग छ बरणीही झाली नसती.

२० एप्रिल. आवरासावर

सगळा खर्च हजाराच्या आसपास, त्यात कुकर आणि प्लेटी जास्तीच्या. नुसता कॉलम करायचा तर प्लास्टर, बल्ब आणि बसभाडं मिळून दोनशेत होतो.

घ मोडून चिखल घमेल्यात पसरून ठेवला होता, तसाच ख चाही थोडा, शिंपल्यांची पूड नसलेल्या वरच्या थरातला. आठवड्याने पीएच पट्टी (१५० रुपयांची डबी) लावली. घ चा ६ च्या आसपास, ख चा ४ (आकडा कमी तितकं आम्ल जास्त). सल्फाइडवाला चिखल हवेत सुकला की त्याचं गंधकाम्ल होतं. खाजनात शेत मोकळं सुकत ठेवायचं नाही, सुगीनंतर खारं पाणी आत घ्यायचं, हे चोडणचे ते गृहस्थ बोलता बोलता म्हणाले होते. मासळीसाठी म्हणाले होते. जमीन आंबू नये हाही त्यातला भाग असणार.

म्हणून बाटली मोडताना चिखल बेसिनमध्ये किंवा कुंडीत ओतू नका. बेसिनचा पाइप तुंबेल, कुंडीतलं झाड मरेल. खारा चिखल शिंपल्यांची मूठभर पूड मिसळून माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून दोन हात लांब. तांबडा कुठेही चालेल. क आणि ज अजून मोडल्या नाहीत. पावसात वीज जाईल तेव्हा बल्बचं काय करायचं ते बघायचं आहे. पूर्वेच्या खिडकीवर जून-जुलैत ऊन येत नाही.